विश्लेषण : उतारवयात रक्तदाब अचानक वर-खाली का होतो? एका आकड्यावर गोळी बदलणे धोक्याचे का?

रात्रीचे आठ वाजलेले. पंच्याहत्तरीचे आजोबा सोफ्यावर रेलून, नातवाशी गप्पा मारता मारता घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजतात. वरचा आकडा येतो १६८. सकाळी तर १३२ होता! घरात घबराट उडते. लगेच पुन्हा मोजले जाते, आता १७४. शेजारचे काका सल्ला देतात, ‘अर्धी गोळी जास्तीची द्या, उतरेल.’ गोळी दिली जाते. पहाटे चारला आजोबा लघवीसाठी उठतात, चार पावले टाकतात आणि बाथरूमच्या दारातच कोसळतात. दवाखान्यात नेल्यावर वरचा आकडा भरतो १०२.

थोड्याफार फरकाने असा प्रसंग अनेक घरांत घडू शकतो. अशा वेळी यंत्र खोटे बोललेले असतेच असे नाही. चूक होते ती एका आकड्यावरून घेतलेल्या निर्णयात. साठी-सत्तरीनंतर रक्तदाब ‘जास्त’ असणे जेवढे धोक्याचे, तेवढेच त्याचे अचानक खाली येणेही. हे चढउतार का होतात, कोणते किरकोळ, कोणते गंभीर आणि घरच्यांनी नेमके काय करावे, याविषयी…

वय वाढले की रक्तदाब चंचल का होतो?

रक्तदाब कोणाचाच दिवसभर एकसारखा नसतो. झोपेत तो साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. जिना चढणे, राग, थंडी, वेदना, चहा-कॉफी, तंबाखू या प्रत्येकाने तो हलतो. तरुण शरीर हे हेलकावे चटकन सावरते. वय वाढल्यावर सावरणारी यंत्रणाच मंदावते.

याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले म्हणजे धमन्या कडक होतात. नव्या रबरी नळीतून जोरात पाणी सोडले तर ती थोडी फुगते आणि दाब सामावून घेते. जुनी, ताठर झालेली नळी फुगत नाही, सगळा जोर तिच्या भिंतींवर येतो. त्यामुळे उतारवयात वरचा आकडा वाढतो आणि खालचा उलट कमी होतो. १६५/७० अशी नोंद पाहून ‘खालचे बीपी तर छान आहे’ असे समाधान मानले जाते. पण या वयात धोका प्रामुख्याने वरचा आकडा सांगतो आणि दोन आकड्यांतले मोठे अंतर हे धमन्या कडक झाल्याचे लक्षण असते.

दुसरे कारण मज्जासंस्थेतले. मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाब घटला की ते मेंदूला कळवतात. मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो आणि काही सेकंदांत दाब पूर्ववत होतो. वयानुसार हे संवेदक बोथट होतात. मधुमेह, पार्किन्सन किंवा ‘बी १२’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर नसांना इजा होऊन ही यंत्रणा आणखी ढिली पडते. त्यात उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे शरीरात पाणी कमी पडले तरी ते लक्षात येत नाही.

उठल्यावर चक्कर येते तेव्हा शरीरात काय घडते?

माणूस आडव्याचा उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त गुरुत्वाकर्षणाने पोट आणि पायांकडे उतरते. सावरणारी यंत्रणा वेगाने कामाला लागली नाही, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, तोल जातो. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला उभे राहण्याने होणारा न्यून रक्तदाब म्हणतात.

प्रत्येकाला चक्करच येते असे नाही. कोणाला मान आणि खांद्यांत दुखते, कोणाला अंधुक दिसते, कोणाच्या पायांतले बळ गेल्यासारखे वाटते. काहींना तर काहीच जाणवत नाही, ते थेट पडतात. ‘पाय घसरला असेल’ म्हणून प्रसंग विसरला जातो आणि रक्तदाब उभा राहून कधी मोजलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या अनेक ज्येष्ठांना पुन्हा पूर्वीसारखे चालता-फिरता येत नाही. म्हणून ‘उठताना थोडे गरगरते’ ही तक्रार वयावर ढकलून देण्यासारखी नाही.

जेवणानंतर किंवा रात्री लघवीला उठल्यावर धोका जास्त का?

जेवण झाले की पचनासाठी पोट आणि आतड्यांकडे जास्त रक्त वळते. तरुणांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्या त्याची भरपाई करतात. काही ज्येष्ठांमध्ये ती होत नाही आणि जेवणानंतर दोन तासांच्या आत रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरतो. भात, पोळी, गोडधोड असे पिष्टमय आणि भरपेट जेवण झाले की हा परिणाम जास्त जाणवतो. सणावारी पुरणपोळीचे जेवण उरकून पानावरून उठतानाच एखाद्या आजींना गरगरते, त्याचे कारण अनेकदा हेच असते. थोडे थोडे पण जास्त वेळा खाणे, जेवणाआधी पाणी पिणे आणि जेवल्यावर लगेच उन्हात किंवा जिना चढायला न जाणे हे सोपे उपाय आहेत.

रात्री लघवीला उठताना तर अनेक कारणे एकत्र येतात. झोपेत रक्तदाब आधीच उतरलेला असतो, अंथरूण ऊबदार असल्याने रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, भरलेले मूत्राशय रिकामे होताना दाब आणखी घटतो. त्यात पुरुष उभे राहून लघवी करतात. बऱ्याच पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असते, तिनेही रक्तदाब उतरू शकतो. म्हणून साठीपुढच्या पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा लावावा. बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवावा. हे खर्चाचे काम नाही, पण हाड मोडण्यापासून वाचवणारे आहे.

उठण्याची योग्य पद्धत कोणती?

जाग आल्यावर आधी अंथरुणातच घोटे वर-खाली हलवावेत, मुठी आवळाव्यात. मग कुशीवर वळून उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे. नंतर आधार धरून उभे राहावे आणि चालण्याआधी क्षणभर जागीच थांबावे. उभे असताना गरगरले तर पायाला पायाची आढी घालून मांड्या आवळाव्यात किंवा लगेच खाली बसावे. ‘बाथरूमपर्यंत पोहोचतो, मग बघू’ हा हट्ट धरू नये. पडण्यापेक्षा जमिनीवर बसणे चांगले.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर सकाळी उठण्याआधी पलंगावर बसून एक-दोन पेले पाणी पिण्याचाही उपयोग होतो. ज्यांना वारंवार त्रास होतो त्यांना डॉक्टर पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करायला किंवा मांडीपर्यंतचे घट्ट मोजे वापरायला सांगतात.

रक्तदाब अचानक चढतो कशामुळे?

दर वेळी कारण हृदयातच असते असे नाही. बऱ्याचदा ते औषधांच्या डब्यात किंवा स्वयंपाकघरात सापडते. पहिली शंका घ्यावी ती चुकलेल्या गोळीची. काल गोळी घेतली की नाही हे आठवत नसेल, तर आजच्या चढलेल्या आकड्याचे नवल वाटू नये. काही औषधे, विशेषतः क्लोनिडिन आणि ‘बीटा ब्लॉकर’ प्रकारच्या गोळ्या, एकाएकी बंद केल्या तर रक्तदाब उसळी मारतो.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात. त्या रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणामही कमी करतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये नाक मोकळे करणारे फिनाईलएफ्रिनसारखे द्रव्य असते, ते रक्तवाहिन्या आवळते. स्टेरॉइड, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसणाऱ्या गोळ्यांतले सोडियम हीसुद्धा कारणे असतात. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून रोज घेतलेला ज्येष्ठमधाचा काढाही रक्तदाब वाढवू शकतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी करू शकतो.

याशिवाय बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणे, दातदुखी, घरातला वाद या सगळ्यांनी आकडा चढतो. दवाखान्यात पाऊल टाकताच अनेकांचा रक्तदाब वाढतो आणि घरी तो सामान्य असतो. काहींचे बरोबर उलट असते. म्हणूनच घरच्या नोंदींना महत्त्व आहे.

आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?

मोजण्याची पद्धत चुकली तर आकडा १० ते २० अंकांनी सहज फसवतो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जाड दंड असलेल्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत असताना नेहमीचा पट्टा वापरला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ अंकांनी जास्त आला. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ अंकांनी आणि हात खाली लोंबता ठेवला तर साडेसहा अंकांनी जास्त भरला. या फरकावरच कुणाची तरी गोळी वाढते.

मोजण्याची योग्य पद्धत अशी :

– मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम टाळावा. लघवी करून यावे.

– पाठीला आधार देऊन खुर्चीत बसावे, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, पायावर पाय नको. पाच मिनिटे शांत बसावे.

– हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, सदऱ्याच्या बाहीवरून नाही.

– मोजताना बोलू नये, टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवावा.

– एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत.

– सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी असे सात दिवस मोजावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी.

घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला मानतात. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर मोजावे. फरक १० अंकांहून जास्त असेल तर डॉक्टरांना सांगावे आणि पुढे जास्त आकड्याचा हात वापरावा. यंत्र दंडावर बांधायचे असावे. मनगटावरची यंत्रे कमी भरवशाची. केवळ कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणाऱ्या मोबाइल ॲपवर किंवा घड्याळातल्या आकड्यावर गोळीचा निर्णय कधीही घेऊ नये. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांच्या बाबतीत यंत्राचे आकडे बरेच वर-खाली होतात, अशांनी तीनदा मोजावे. घरी यंत्र नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून मिळतो.

उभे राहून मोजणे कसे आणि का?

चक्कर, तोल जाणे किंवा पडणे यांपैकी काहीही होत असेल तर फक्त बसून मोजणे पुरेसे नाही. पाच मिनिटे आडवे पडून किंवा बसून एकदा मोजावे. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. शेजारी कोणीतरी असायलाच हवे आणि मागे खुर्ची असावी. हे तिन्ही आकडे डॉक्टरांना दाखवावेत. बसून १५० आणि उभे राहून ११८ असेल, तर केवळ १५० पाहून गोळी वाढवणे किती महागात पडेल, हे यातून दिसते.

उतारवयात रक्तदाब किती असावा?

‘वय अधिक शंभर’ हा जुना हिशेब आता चालत नाही. वयोमानाने रक्तदाब वाढतोच म्हणून तो तसाच सोडणे घातक असल्याचे मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ या अभ्यासात ऐंशीपुढच्या ३,८४५ जणांचा समावेश होता. १५०/८० पर्यंत रक्तदाब उतरवण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या २,६३६ जणांमध्ये वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना सुमारे एकतृतीयांशाने घटल्या.

पण या अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. ‘स्प्रिंट’मध्ये मधुमेह असलेले, आधी पक्षाघात झालेले आणि उभे राहिल्यावर वरचा आकडा ११० च्या खाली जाणारे रुग्ण घेतलेच नव्हते. त्यामुळे तो आकडा सर्वांना सरसकट लागू होत नाही. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये बहुतेकांसाठी १२० ते १२९ हे लक्ष्य सुचवले. मात्र पंच्याऐंशीपुढचे, अशक्त झालेले किंवा उभे राहिल्यावर त्रास होणारे यांच्यासाठी ते सैल ठेवण्याची मुभा दिली. म्हणजेच रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या पंच्याहत्तरीच्या गृहस्थांचा आणि अंथरुणाला खिळलेल्या पंच्याऐंशीच्या आजींचा आकडा एक असणार नाही. ‘माझ्यासाठी किती?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे.

उभे राहिल्यावर चक्कर येते म्हणून रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या बंद करणे हाही उपाय नाही. नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब हेच उठल्यावर दाब पडण्याचे एक कारण असते. डॉक्टर अनेकदा गोळी बंद करत नाहीत. ते तिचा प्रकार, मात्रा किंवा वेळ बदलतात.

आकडा १८० च्या वर गेला तर काय करावे?

पहिला प्रश्न आकड्याचा नाही, लक्षणांचा विचारावा. तोंड वाकडे होणे, एका बाजूच्या हातापायातले बळ जाणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, दम लागणे, असह्य डोकेदुखी, अचानक दिसेनासे होणे, भ्रम होणे यांपैकी काहीही असेल तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात ही वेळ निघून जाते. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ते लिहून घ्यावे.

आकडा १८०/१२० च्या वर, पण लक्षण एकही नाही, अशा वेळी घाबरून धावपळ करू नये. लघवीला जाऊन यावे, शांत खोलीत बसावे, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा नीट मोजावे. नेहमीची गोळी चुकली आहे का ते पाहावे. आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. शेजाऱ्याची किंवा डब्यात उरलेली गोळी देऊ नये.

एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत दवाखान्यांतही रूढ होती. तिने रक्तदाब इतक्या वेगाने कोसळतो की काही रुग्णांना त्यामुळेच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला. म्हणून नव्वदच्या दशकातच तज्ज्ञांनी ही पद्धत थांबवायला सांगितले. चढलेल्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला तो एकदम उतरवलेला सोसत नाही. पक्षाघाताच्या वेळी तर घरी दाब उतरवण्याचा प्रयत्न मेंदूचे नुकसान वाढवू शकतो. तो निर्णय रुग्णालयाचा.

आणि १०० च्या खाली आला तर?

गरगरत असेल तर रुग्णाला जागीच आडवे करावे आणि पायांखाली उशा ठेवून ते थोडे उंच करावेत. लगेच उठवून बसवू नये. पूर्ण शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून मदत बोलवावी. मधुमेही असेल तर रक्तातील साखरही तपासावी. साखर घसरल्यावर अशीच लक्षणे दिसतात आणि साखरेची गोळी चालू असेल तर ही शक्यता आधी घ्यावी.

रक्तदाब पहिल्यांदाच एवढा खाली आला असेल तर त्यामागे काहीतरी नवे घडलेले असू शकते. जुलाब-उलट्या, ताप, काळी शौच म्हणजे पोटातला रक्तस्राव, छातीत दुखणे, नाडी फार मंद किंवा फार वेगवान होणे, अचानक बरळणे या गोष्टी दिसल्यास रुग्णालय गाठावे. वृद्धांमध्ये हृदयविकाराचा झटका किंवा जंतुसंसर्ग कधी कधी फक्त ‘बीपी लो झालं, गळून गेल्यासारखं वाटतं’ एवढ्याच तक्रारीने समोर येतो.

उन्हाळा, थंडी, उपवास यांत काय सांभाळावे?

थंडीत रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब वाढतो. उन्हाळ्यात त्या सैलावतात, घाम जातो आणि तो उतरतो. विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हिवाळ्यात ठरलेली गोळीची मात्रा काहींना जास्त होऊ शकते, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. ऋतू बदलला की आठवडाभर नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवणे हा त्यावरचा साधा मार्ग आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन-लोसार्टन गटातली गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारावे. शरीरातले पाणी घटले असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

एकादशी किंवा नवरात्रातल्या उपवासातही हेच होते. निर्जळी उपवास आणि सकाळी लघवीची गोळी हे एकत्र जमत नाही. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे, पाणी-ताक घेत राहावे.

मिठाबाबत जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ सुचवते. लोणचे, पापड, फरसाण, चटणी यांतूनच बरेच मीठ पोटात जाते. सैंधव घेतले म्हणून सुटका होत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम घातलेले असते. बहुतेकांना ते चालते, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय ते वापरू नये. आणि ज्यांना खरोखरच दाब पडण्याचा त्रास आहे, त्यांनी मीठ एकदम तोडायचे की नाही, तेही डॉक्टरांनाच विचारावे.

गोळी कधी घ्यावी आणि चुकली तर?

रात्री घेतलेली गोळी जास्त गुणकारी असा समज काही वर्षांपूर्वी पसरला. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले, की सकाळी किंवा संध्याकाळी गोळी घेण्याने हृदयविकार-पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडत नाही. रोज ठरल्या वेळी, न चुकता घेणे महत्त्वाचे. मात्र रात्री लघवीला वारंवार उठणाऱ्यांनी गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावे. गोळी चुकली आणि लवकर लक्षात आले तर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी या वयात फार उपयोगी पडते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

एक वही आणि एक पिशवी. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, नाडी आणि एक शब्दाची नोंद : ‘जेवणानंतर’, ‘उठल्यावर’, ‘गोळी चुकली’, ‘झोप नाही’. पिशवीत घरातली सगळी औषधे, म्हणजे हृदयाची, साखरेची, प्रोस्टेटची, झोपेची, गुडघ्याची, काढे आणि चूर्णेसुद्धा. दोन-तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी लिहून दिलेल्या औषधांत दाब उतरवणारी तीन-तीन औषधे एकत्र आलेली अशा वेळीच लक्षात येतात. घरचे यंत्रही वर्षातून एकदा सोबत न्यावे आणि दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहावे.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहू. आजोबा बोलत बोलत मोजत होते, पाठीला नीट आधार नव्हता, पाच मिनिटांची विश्रांती नव्हती, दुसरी मोजणी तर घबराटीत झाली. लघवी करून, शांत बसून मोजले असते तर १६८ चे कदाचित १४५ झाले असते. तसे झाले नसते, तरी लक्षण एकही नसल्याने त्या रात्री कोणतीही जास्तीची गोळी द्यायची गरज नव्हती. वहीत आकडा लिहून सकाळी डॉक्टरांना फोन केला असता तर पुरेसे होते. उतारवयात रक्तदाब हलणारच. एका रात्रीच्या आकड्यापेक्षा आठवड्याच्या नोंदी आणि रुग्णाची लक्षणे पाहूनच औषध बदलायचे असते, तेही डॉक्टरांनी.